आईंचा एक चांगला फोटो

९ मार्च, रविवार

आज आईंनी स्वतःहून माझ्याकडे काहीतरी मागितलं. कोलकात्याला आल्यापासून पहिल्यांदाच.

मी बाल्कनीत कॅमेऱ्यात रोल भरत होते, त्या शेजारी मटार सोलत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "माझा एक चांगला फोटो काढून ठेव." मला वाटलं, बँकेत वगैरे द्यायचा असेल. म्हटलं, आत्ता मोबाइलवर काढते.

"मोबाइलवर नको. भिंतीवर लावण्यासारखा. ह्यांच्या वेळी किती शोधाशोध झाली, आठवतंय ना?"

आठवतंय. सासरे गेले त्या दिवशी सांगलीच्या घरात सगळे अल्बम जमिनीवर पसरलेले. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपफोटोतून त्यांना कापून मोठं केलं. त्या फोटोच्या कडेला अजून दुसऱ्याच कुणाच्या फेट्याचा तुरा दिसतो.

"असं काय बोलता आई," मी म्हटलं.

"काढणार का नाही, तेवढं सांग."

काढीन म्हटलं.

१० मार्च

उदयला सांगितलं तर हसला. म्हणे, तुझ्या त्या फिल्मच्या खेळाला एक तरी गिऱ्हाईक मिळालं.

खेळ तर खेळ. त्याची बदली झाली म्हणून मी पुण्यातली नोकरी सोडली. इथे बालीगंजला आले तेव्हा दुपारी करायचं काय, हा प्रश्न होता. वरच्या मजल्यावरच्या बर्णालीदी शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांनी स्वतःची फिल्म धुण्याची टाकी मला देऊन टाकली, शिकवलंही. आता मी काय काय काढत हिंडते – ट्रामच्या तारा, गडियाहाटचे फूटपाथ, भाजीवाल्यांचे हात. माणसाचा चेहरा मात्र अजून धड काढलेला नाही. समोरचा माणूस अवघडतो, आणि त्याच्याहून जास्त मी.

आईंशी तर मी बोलतानाही अवघडते. इतकी वर्षं झाली लग्नाला. भांडण कधी नाही, पण गप्पाही नाहीत.

१६ मार्च, रविवार

सकाळी फोटो काढले. आई पांढऱ्या साडीत खुर्चीवर ताठ बसल्या, शाळा तपासायला साहेब आल्यासारख्या. सानिका मध्ये मध्ये करत होती. "आजी, तू असा का बसतो? थोडा हस ना." इथे वाढलेल्या लेकीचं मराठी! आई तिला सुधारायला लागल्या, "बसतेस. बसतेस म्हणावं," आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा सैल झाला. मी तेवढ्यात बटण दाबलं.

दुपारी रोल धुतला. पाण्यातून काढला तर – काहीच नाही. सबंध फिल्म काचेसारखी स्वच्छ. कडेचे आकडेसुद्धा नाहीत.

बाथरूममध्येच बादलीवर बसून राहिले.

१७ मार्च

बर्णालीदींना फिल्म दाखवली. त्यांनी एकदाच बघितली. "पहले कौन सा बोतल डाला?"

तेव्हा लक्षात आलं. दोन्ही बाटल्या एकसारख्या, पाण्याच्या. शेवटी ओतायचा हायपो मी आधी ओतला. चित्र उमटायच्या आधीच पुसून टाकलं. दीदींनी घरून रंगीत चिकटपट्टी आणून बाटल्यांना लावून दिली. रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

आईंना सांगायला गेले. वाटलं होतं, टोमणा मारतील. म्हणाल्या, "बरं झालं. ती साडी मला नव्हतीच आवडत." आणि मी वळल्यावर मागून, हळू – "पण फार दिवस लावू नकोस."

२० मार्च

फार दिवस लावू नकोस. डोक्यातून जात नाही.

उदय म्हणतो, "सत्तरी ओलांडली की सगळेच असं बोलतात. आई ठणठणीत आहे. सकाळी जिना चढताना माझ्या पुढे असते." तेही खरंच.

३० मार्च, पाडवा

बाल्कनीत गुढी उभारली. खालून जाणारे दोघे-तिघे थांबून बघत होते. बर्णालीदी श्रीखंड खायला आल्या आणि गुढीवर उलटा तांब्या का, ते विचारून घेतलं. आईंनी आपल्या हिंदीत समजावलं. दीदींना किती कळलं देव जाणे, पण दोघी हसत होत्या.

पाहुणे गेल्यावर आई म्हणाल्या, "आज काढ." गडद तांबडी इरकल नेसल्या होत्या. खुर्ची बाल्कनीच्या दाराशी घेतली. ऊन समोरच्या भिंतीवर पडून आत येत होतं, मऊ. आज मी ठरवलं होतं – सरळ बसा, इकडे बघा, असलं काही सांगायचं नाही. बोलत राहायचं. म्हणून विचारलं, तुमचा पहिला फोटो कधी काढला?

"दाखवायला काढला तो. मिरजेच्या स्टुडिओत. त्या फोटोवाल्याने हाताने रंगवून मला इतकं गोरं केलं की लग्न झाल्यावर हे म्हणाले, फोटोतली ती कुठे राहिली?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ती स्टुडिओतच राहते. तिच्याकडे जायचं तर जा."

मी हसले. त्याही हसल्या. मामंजींबद्दल असं काही त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. रोल संपला तरी आम्ही तिथेच बसून होतो.

३१ मार्च

धुतला. जमलं!

नळाचं पाणी आताच इतकं गरम येतं की सगळ्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून फिल्म चक्रावर चढवताना मी नेहमी डोळे मिटते. त्याची काही गरज नसते, तरी. चिकटपट्टी बघून बघून ओतलं. झाकण उघडलं आणि ओली फिल्म उलगडली, तर सगळीकडे आई. काळा चेहरा, पांढरे केस काळे झालेले, तांबडी साडी जवळजवळ पारदर्शक. निगेटिव्ह बघायची सवय झाली की त्यातही माणूस ओळखू येतो.

कपड्यांच्या चिमट्याने दोरीला अडकवली आणि बाथरूम सगळ्यांना बंद केलं. उदय कुरकुरला.

१ एप्रिल

सानिका शाळेत, उदय बँकेत. फिल्म कापली आणि पट्ट्या खिडकीला धरून बघत होते, कुठली फ्रेम चांगली ते. चेहरेच बघत होते. एकीत डोळे मिटलेत. एकीत हसणं फार. एकीत अगदी बरोबर.

मग चेहऱ्यावरून नजर खाली गेली. फिकट साडीवर एक काळा डाग. हात. उजवा हात डाव्या बाजूला, छातीच्या कडेला, काखेच्या जरा खाली टेकलेला. पुढच्या फ्रेममध्येही तिथेच. त्याच्या पुढच्याही. एका फ्रेममध्ये तो हात पदर सारखा करतोय, आणि लगेच पुढच्यात परत तिथे. बोटं सपाट, जरा दाबलेली.

समोर बसून मी तासभर बोलत होते आणि मला दिसलं नाही. हसत असताना हात तिथे. स्टुडिओची गोष्ट सांगताना तिथे. साडी तांबडी आणि हात सावळा, तेव्हा एकमेकांत मिसळले असतील. उलटं झाल्यावर दिसलं.

पट्ट्या पाकिटात घातल्या. स्वयंपाकाला लागले. आई कणीक मळायला आल्या. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. "काय गं?" म्हणाल्या. काही नाही म्हटलं.

२ एप्रिल

आज विचारलं. आडवळणं घेतली नाहीत, मला जमत नाहीत. पट्टी त्यांच्या हातात दिली, खिडकीशी उभं केलं आणि म्हटलं, "आई, तिथे काय होतंय?"

खूप वेळ बघत होत्या. चष्मा काढून परत लावला.

"गाठ आहे," म्हणाल्या. "दुखत नाही. पण आहे का गेली ते बघायला हात जातो. मला वाटलं होतं, कुणाला कळत नसेल."

"कधीपासून?"

"हे गेल्यानंतर लक्षात आलं."

म्हणजे इथे आल्या त्याच्याही आधीपासून. मला ओरडावंसं वाटलं. म्हटलं, एवढं मनात ठेवून राहिलात, एकदा सांगायचं तरी.

"कुणाला सांगू? उदयला कसं सांगायचं असलं? तुला सांगायचं म्हटलं तर…" थांबल्या. "तू तुझी बाटल्यांत असायचीस. आणि मुग्धा, खरं सांगू का, मला तसं काही करूनही घ्यायचं नव्हतं. आता कशासाठी? इथे मी बसूनच तर असते."

मी त्यांचा हात धरला. पहिल्यांदाच धरला असेन. त्यांनी सोडवून घेतला नाही.

३ एप्रिल

उदयला काल सांगितलं. तो आधी चिडला, मग आईंच्या खोलीत जाऊन नुसता बसला. मी दार लोटून घेतलं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

९ एप्रिल

तपासणी झाली. सुईने गाठीचा तुकडा काढला. आई आत एकट्या जायला तयार नव्हत्या आणि उदय नको होता. मी गेले. टेबलावर झोपून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काहीतरी बोल." मला काय सुचणार! वर्गात मराठी बोलून दाखव म्हटल्यावर सानिकाने 'माझी आजी बसतो' असं म्हणून दाखवलं, ते सांगितलं. डॉक्टर बंगाली, त्यांना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या.

नंतर डॉक्टरांनी आईंना विचारलं, मुलगी आहे का? आहे म्हटलं – चैत्राली, उदयची बहीण, पुण्यात असते. म्हणाल्या, चाळिशी उलटली असेल तर निकाल काहीही येवो, तिनेही तपासून घ्यावं. आईंनी तिथूनच फोन लावला. "माझं काय व्हायचं ते होईल. तू उद्या जाऊन ये. कारणं नकोत." एवढ्या ठाम आवाजात बोलताना मी त्यांना इथे कधी ऐकलं नव्हतं.

१३ एप्रिल

वाट बघणं. फिल्म धुतानाही वाट बघावी लागते, पण तिथे निदान घड्याळ असतं.

१५ एप्रिल

साधी गाठ! साधी. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त लक्ष ठेवायचं.

बाहेर पोइला बैशाख, बंगाल्यांचा पाडवा, दुकानांना झेंडूच्या माळा. उदय गाडीत स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला आणि मागचे हॉर्न वाजवत होते. आई मागे बसून म्हणाल्या, "अरे, चालव आता, लोक शिव्या देतायत."

बर्णालीदींनी संदेश मिठाई आणली. त्यांच्याकडूनच काल फोटोची प्रिंट करून घेतली होती. ती अगदी बरोबर वाटली होती, ती फ्रेम. आईंना दिली. त्यांनी लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली.

"चांगला आलाय," म्हणाल्या. "पण आता घाई नाही."

१७ एप्रिल

आई आज माझ्याबरोबर बाजारात आल्या. हातवारे करून एक कैरी जास्त घेतली. संध्याकाळी म्हणाल्या, ती पिशवी नि ते डबे कसे करतेस दाखव मला एकदा. दाखवलं. काळ्या पिशवीत हात घालून बघितला. "आत काहीच कळत नाही गं." होतं सवयीने, म्हटलं.

१९ एप्रिल

सकाळी चैत्रालीचा फोन. तिच्याही तपासणीत काहीतरी दिसलं होतं. आईंचा निकाल, मग स्वतःचा पक्का रिपोर्ट येईपर्यंत बोलली नव्हती. तिची गाठ साधी नाही. लवकर सापडलंय, बरी होईल म्हणतात, पण ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आणि मग केमो. मुलं लहान.

उदय फोन हातात धरून उभा. आईंना कसं सांगायचं ते मी ठरवत होते. वळले तर त्या दारात. सगळं ऐकलं होतं.

पलंगाखालून बॅग ओढून काढली, पुसली.

"माझं पुण्याचं तिकीट काढ," म्हणाल्या. "परतीचं नको."