रिकाम्या पाटावरची रेघ

भवानी पेठ, सोलापूर
जुलै १९७८

वडीलबंधूंसमान रेवणप्पा मेव्हण्यांना सोमलिंगचा शरणु शरणार्थी नमस्कार. अकलूजला सगळे खुशाल आहेत असं धरून चालतो. (तुम्ही काही कळवत नाही, म्हणून धरावंच लागतं.) माझी प्रकृती म्हणाल, तर ती ठीक आहे की नाही यावर डॉक्टरांचंच एकमत नाही.

झालं असं, की तुमची बहीण शांतम्मा चैत्रात वारली, तेव्हापासून उभ्या उभ्या माझा झोक डावीकडे जातो. गिरणीत शिडीवर चढून यंत्रांना तेल घालणारा माणूस असा झुकायला लागल्यावर साहेब म्हणाले, डॉक्टरची सही आण, नाहीतर फाटकाशी झाडू मार. गेलो दवाखान्यात. पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. एक डॉक्टर म्हणाले, उत्तम. दुसरे म्हणाले, हा पडणार. पहिल्यांनी चहा पिऊन पुन्हा तपासलं, तर तेही म्हणाले, पडणार. (मी तोच, पायही तेच, फरक काय तो चहाचा.) शेवटी मोठ्या डॉक्टरांनी ते ज्याला कॉम्प्युटर म्हणतात त्या नव्या यंत्राकडे नेलं. खाली लोखंडी पाट, शेजारी पेटी. पाटावरचा माणूस जसा डुलेल तशी पेटीतली लेखणी कागदावर रेघ ओढते. यंत्र चहा पीत नाही, म्हणून त्याचा शब्द अखेरचा.

माझी रेघ डावीकडे गेली. मग मी खाली उतरलो, तरी लेखणी थांबेना. पाट रिकामा, आणि रेघ आपली सावकाश इकडून तिकडे, तिकडून इकडे. डॉक्टरांनी तारा हलवून बघितल्या, दुसऱ्या पेशंटला उभं केलं. त्याची रेघ बिनचूक. मला नुसतं जवळ बोलावलं की रिकामा पाट पुन्हा सुरू. नर्स भिंतीला टेकून उभी राहिली. मी मात्र ती चाल ओळखली. कुठं निघायचं असलं आणि मला उशीर झाला, की शांतम्मा दारात अशीच या पायावरून त्या पायावर भार टाकत उभी राहायची, एक शब्द न बोलता. लई भ्यालो, मेव्हणे. आणि बरंही वाटलं.

मोठे डॉक्टर म्हणतात, पाट शांत झाल्याशिवाय सही मिळणार नाही.

आपला,
सोमलिंग

ता. क. पंचमी जवळ आली. दरवर्षी तुम्ही तिला माहेरी न्यायला यायचात. यंदा यायचं कारण नाही असं तुम्ही धरलं असेल, पण तिला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा या, दारात उभं राहून नेहमीसारखी हाक मारा आणि एसटीत शेजारची जागा मोकळी ठेवा. भाऊ आल्याशिवाय ती निघायची नाही.

आणखी एक. सही मिळाली की कळवतो. मग लगेच तिला आणून सोडा. घर खायला उठतं.