तळ्याच्या जागी रेती

प्रिय वेल्लोदादा,

फोनवर आईचं नाव काढलं की तू हवापाण्यावर घसरतोस, म्हणून लिहितेय. ती नव्वदीला टेकली आहे. पाय थकले, जीभ शाबूत आहे. काल मला म्हणाली, "कॉफी केलीस की भांडी विसळलीस?"

बातमी मोठी आहे. गिरणीच्या तळ्याचा बांध गेला. जुन्या नद्या पुन्हा वाहत्या करायची सरकारी योजना आपल्याकडेही आली, समुद्रातले सॅमन मासे पूर्वीसारखे वर यावेत म्हणून. गावसभेत रण माजलं. शेजारचा एंडेल ओरडला, "आमचं पोहायचं तळं नेता आणि बदल्यात मासे दाखवता होय?" राजधानीतून, तालिनहून आलेली अधिकारी मुलगी नकाशे गुंडाळायला लागली. तेवढ्यात आई काठी टेकत उठली. "पोरी, माझा युहान त्या पाण्यात आहे. त्याला कुठे नेणार?" मुलीने नकाशा पुन्हा टेबलावर पसरला.

त्या मार्चमध्ये तुम्ही दोघं भाऊ तळ्यावरच्या पातळ बर्फावर गेलात. तू वर आलास, तो सापडलाच नाही. नंतर तू जो खाणींच्या गावाला गेलास, तो गेलासच. तुला कुणी कधी बोल लावला नाही रे, आईने तर नाहीच.

दर उन्हाळ्यात स्मशानाच्या सणाला सगळं गाव थडग्यांभोवतीच्या रेतीवर दंताळं ओढतं, उलट्या पावलांनी मागे येत, ठसा राहू नये म्हणून. आई बाबांच्या थडग्याभोवतीची रेती ओढायची आणि मग दंताळं घेऊन तळ्याकाठी नुसती उभी राहायची. ते बघून माझा जीव तुटायचा.

ती अधिकारी दुसऱ्या दिवशी घरी आली. म्हणाली, "आजी, पाणी हळूहळू उतरवू. शोधत शोधत. तुम्ही थांबा म्हणाल तिथे थांबू." आणि पोरीने शब्द पाळला. शरद ऋतूभर आई काठावर घोंगडी पांघरून बसली. गाळातून सायकल निघाली, दुधाचे कॅन निघाले. युहान निघाला नाही. मी रडले. आई म्हणाली, "तो कधीच समुद्राला गेला असेल. मीच आपली इथे धरून बसले." मग तिने बांध पूर्ण फोडू दिला. आता तिथे गुडघाभर पाण्याची नदी आहे, आणि बाकी सगळी रेती.

परवा आईने मला हात धरून खाली न्यायला लावलं. तुम्ही जिथून बर्फावर उतरला होतात, त्या झाडापुढची रेती तिने ओढली, मागे मागे येत, दर दोन पावलांना दम खात. कडेची एक पट्टी मात्र तशीच सोडली. मी दंताळं घ्यायला गेले तर हातावर चापट मारली. "ती वेल्लोची आहे. त्याला लिही, ते पाणी आता राहिलं नाही म्हणावं. मी आहे तोवर ये."

सण पुढच्या रविवारी आहे. दंताळं दारातच ठेवलंय.

तुझीच,
हेल्वे