अक्काचं माणसांचं मशीन

वारजे, ३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
धाकट्या रंगनाथचा सा. न. वि. वि.

कॉलेजच्या नव्या संगणक विभागाला तुझं नाव देणार आहेत आणि समारंभाला यायला तू नकार दिलास. तू फोन उचलत नाहीस म्हणून प्राचार्यांनी मला गाठलं. अर्ध्या पुण्याला संगणक शिकवलेली बाई शनिवार पेठेतून वारज्याला पोस्टाने पत्रं पाठवते, हे ऐकून बिचाऱ्यांनी तुझा पत्ता लिहून घेतला. तिकडे दारावर तुझं नाव लागणार आणि तू घरी मेथी निवडत बसणार का? माझा गुडघा नुकताच बदललाय, नाहीतर तुला उचलून नेली असती.

लोभ आहेच, तो पेठेच्या काट्याने तोलू नकोस.
रंगनाथ

शनिवार पेठ, ७ नोव्हेंबर

चि. रंगनाथास अनेक आशीर्वाद.

जुन्या गुडघ्यावर तू मला कधी उचललं नाहीस, नव्याच्या बढाया नकोत. जिवंत माणसाचं नाव दारावर दिसलं की लोक कधी गेल्या म्हणून विचारतात, असं प्राचार्यांना कळवलंय. खरं कारण तुला सांगते. बोलता बोलता माझे शब्द निसटतात, रंगा. परवा दूधवाल्यासमोर पातेलं हा शब्द आठवेना. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाईल. फोनवर शब्द येईपर्यंत लोक हॅलो हॅलो करतात; कागद तेवढा थांबतो. भर सभेत, माझ्याच प्रोग्रॅमबद्दल बोलताना असं झालं तर? मला फार भीती वाटते. भाग्यश्रीला सांगू नकोस, तुझी सून लगेच बदाम घेऊन येईल.

लोभ ठेव, कीव नको.
द्वारका

वारजे, ११ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न.

पत्र वाचून रडलो. भाग्यश्रीला कांदा चिरत होतो असं सांगितलं. मी जन्मात कांदा चिरलेला नाही, त्यामुळे तिला सगळं सांगावं लागलं.

भाषण करूच नकोस. कॉलेजला मशीन आठवड्यातून एकदाच मिळायचं, तेव्हा तू प्रोग्रॅम आधी मुलांवर चालवायचीस. सगळी रांगेत उभी. उजवीकडचा शेजारी बुटका असेल तर त्याच्याशी जागा बदलायची, रांग उंचीने लागेपर्यंत. तेच कर, पाहुण्यांना उभं कर. भाग्यश्री रिक्षा घेऊन येईल. बदामांची जबाबदारी माझी नाही.

तुझ्या धाकात आणि लोभात,
रंगनाथ

शनिवार पेठ, २३ नोव्हेंबर

चि. रंगनाथास आशीर्वाद.

गेले. बदामही खाल्ले.

प्राचार्य, विश्वस्त आणि प्रमुख पाहुणे, सगळ्यांना विद्यार्थ्यांत मिसळून उभं केलं. पाहुणे सरकत सरकत पार डाव्या टोकाला पोचले. सत्काराची पुणेरी पगडी उंचीत धरणार का, असं विचारत होते. नाही म्हटलं.

मी एकेकाला हात करून सांगायचं आणि त्याने हलायचं, असं चाललं होतं. मध्येच माझा शब्द गेला. हात वर, तोंड उघडं. आणि रंगा, रांग थांबली नाही. ऋतिका नावाची पहिल्या वर्षाची मुलगी शेजाऱ्याकडे बघून सरकली, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, अगदी शेवटपर्यंत. त्यांना ही रीत माझ्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांनी शिकवलेली. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते. बाजूला उभी राहून नुसती बघत होते आणि फार बरं वाटत होतं.

प्राचार्यांनी दोन शब्द बोलायचा आग्रह केला. मला दोनच सापडले. छान शिकलात, एवढं म्हटलं आणि बसले.

लोभ असाच राहू दे; माझ्याकडून राहून गेला तर तू आठवण कर.
द्वारका