लिंपलेली भिंत

वैशाखरे, २ ऑगस्ट

चि. कुंडलिकास ताईचे अ. उ. आ. वि. वि.

फोन पुरात गेला, म्हणून कागद धरला. ओढ्याचं पाणी घरात छातीला लागलं होतं. मागची कुडाची भिंत बसली, छपराचा मधला खांब कलला. सगळ्यांचे जीव वाचले. मुली शाळेत निजतात. काळजी करू नकोस असं लिहिते खरी, पण मला फार भीती वाटते.

उद्या तलाठी साहेब पंचनाम्याला येणार. परका माणूस दारात आणि घर असं उघडं! शेजारच्या हौसाने वाडीतल्या बायका गोळा केल्या. सापडल्या तेवढ्या कारवीच्या काठ्या उभ्या करून आम्ही भिंत शेणामातीने लिंपली, अंगण सारवलं. आता जरा तोंड दाखवण्यासारखं झालंय.

तुझ्या खुशालीकडे डोळे लावून बसलेली,
गीताताई

खर्डी, ६ ऑगस्ट

ती. ताईस कुंडलिकचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. अगं, तलाठी काय सोयरीक घेऊन येत होता? झाकली मूठ सव्वा लाखाची, पण पंचनाम्याला ती उघडीच हवी! आमच्या शेजारच्या धाकलूने पंचनामा होईपर्यंत पडलेल्या घराला हातही लावला नाही.

आता फेरपाहणीचा अर्ज दे. भाऊजी तापट, त्यांना भिंत पाडू देऊ नकोस. मालकानेच पाडली असं लिहितील. नाहीच जमलं तर मुलींना घेऊन इकडे ये. रागावलो समजू नकोस, जीव थाऱ्यावर नाही माझा.

लावलास तसाच जीव लावत राहा.
तुझा कुंडलिक

वैशाखरे, १९ ऑगस्ट

चि. कुंडलिकास अ. उ. आ.

तुला भीती होती तेच झालं. साहेबांनी घराचं कौतुक केलं आणि किरकोळ नुकसान लिहून गेले. म्हणजे घर बांधायला मदत नाही. हे कुदळ घेऊन भिंतीकडे धावले, मी आडवी झाले. हौसा तर रडायलाच लागली, तुझं भलं करायला गेले नि वाटोळं केलं म्हणाली. तिच्यावर कशी रागावू?

काल फेरपाहणी झाली. भिंत अजून ओलीच आहे, पण दिसते चांगली. साहेब दारातूनच परत निघाले. मी त्यांना आत बोलावलं, भिंतीपाशी गोणपाट अंथरलं, पाठ टेकून बसा, चहा करते म्हटलं. त्यांनी भिंत चाचपली, वर छपराकडे पाहिलं आणि उभ्यानेच घेतो म्हणाले. मग मला राहवलं नाही. साहेब, तुमी घडीभर टेकत नाय, मंग माझ्या पोरींनी हिच्याखाली रात काढायची कशी, असं विचारलं. आवाज चढला होता रे माझा.

साहेबांनी कागद काढला. मग जुनं खोडून, घर राहण्यालायक नाही, असं लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. स्वतःच्या घराबद्दल असं ऐकून मी आनंदाने रडले, कुंडलिक.

माहेरची माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई