डोळेदुखीचा कंद

आदरणीय वेलुसामी मच्चान यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा चेन्नियप्पन याचा नमस्कार. इकडे मारियम्मनच्या कृपेने सगळे सुखरूप आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. त्यातलं खरं किती, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. तिरुप्पूरला तुमचा गुडघा कसा आहे? रक्तातली साखर आटोक्यात आहे ना? सूनबाई कॉफीत साखर घालत नाही ही तुमची तक्रार मी तुमच्या बहिणीच्या, नल्लम्माळच्या कानावर घातली. ती म्हणाली, मग सूनबाईला या दिवाळीला चांगली साडी पाठवायला हवी.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलताना नल्लम्माळ शेजारी बसतेच, आणि गोष्ट तिचीच आहे. (पत्र ती वाचणार नाही. का वाचणार नाही, तेच तर सांगायचं आहे.)

यंदा लावणीच्या आडी महिन्यात, पावसाळ्यात, मी पुन्हा कळलावी लावली. तुम्ही नको म्हणाला होता. अख्खं गाव नको म्हणत होतं. आपल्याकडे हिचं नावच डोळेदुखीचा कंद. फुलाकडे टक लावून पाहिलं की डोळे जातात, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. वर कंद विषारी, बियासुद्धा विषारी. (बिया औषधाच्या कारखान्यात जातात. पण घरी कुणी चुकून खाल्ल्या तर औषध घ्यायला माणूस शिल्लक राहत नाही, म्हणून आम्ही शेतातून आलो की कोपरापर्यंत हात धुतो.) पण नल्लम्माळला या वेलाचं वेड आहे, आणि मला तिला नाही म्हणायची सवय नाही. कंद असतो नांगराच्या फाळासारखा, दोन हातांचा, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एकच डोळा. तो मोडला की तो हात फुकट. पहिल्याच दिवशी मी दमून टोपलीवर टेकलो, तर ती ओरडली, "अहो, डोळ्यांवर बसलात की!" तेव्हा मी हसलो होतो.

वेल वर आला की याची पानंच हात पुढे करतात. पानाचं टोक गुंडाळून जे सापडेल ते धरतं: तार, काठी, शेजारचा वेल. एका सकाळी नल्लम्माळच्या वाळत घातलेल्या साडीचा काठच धरून बसलं. मी सोडवायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. कुणीतरी धरून ठेवतंय मला."

आता फुलांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यातली मादीची काडी बुडातूनच काटकोनात वळते आणि परागांकडे पाठ करून बसते, रुसलेल्या नव्या सुनेसारखी. फुलपाखरांच्या भरवशावर राहिलं तर शेंगा धरतील न धरतील. म्हणून ऊन चढायच्या आत एकेका फुलाचे पराग बोटाने काढून त्या काडीच्या टोकाला लावायचे. पिवळं फूल ताजं. पूर्ण लाल झालं की वेळ गेली. पूर्वेच्या ओळी तिच्या, पश्चिमेच्या माझ्या. शेजारचा पेरियण्णन रोज बांधावर उभा राहून विचारतो, "काय मामा, आज किती लग्नं लावलीत?"

पुरट्टासी महिन्यातली, फुलं भरात असतानाची गोष्ट. उकडत होतं म्हणून मी सदरा मांडवाच्या कोपऱ्यातल्या खांबावर अडकवला, वर पंचा गुंडाळला आणि विहिरीमागे मोटर बघायला गेलो. परत येतो तर नल्लम्माळ खांबासमोर उभी राहून त्याला झापतेय. कॉफीचा पेला कठड्यावर का ठेवलात, गाईला पाणी का दाखवलं नाहीत, सगळं. मला गंमत वाटली. म्हटलं, होऊ दे पूर्ण, मग हाक मारू. तेवढ्यात तिचा आवाज खाली आला. "अहो, सांगणार नव्हते, पण सांगते. मला फुलं लाल दिसत नाहीत आता. पिवळीही नाहीत. सगळी राखेसारखी दिसतात. चाचपून करते मी काम. पण गावाचं ऐकून वेल उपटू नका हो. मग सकाळी उठून मी जाऊ कुठे?" मच्चान, खांब काही बोलला नाही. मीही बोललो नाही. ती जरा वेळ थांबली, मग म्हणाली, "बरं. नका बोलू," आणि घरी गेली.

त्या दिवसापासून घरात कॉफी मिळते, पण तिच्याबरोबर शब्द मिळत नाही. का, ते मला कळत नाही. आणि विषय मी तरी कसा काढू? ती जे बोलली ते खांबाशी बोलली, माझ्याशी नाही.

मग मी युक्ती केली. माझेच डोळे बिघडलेत, सोबत चल, असं सांगून तिला धारापुरमच्या डोळ्यांच्या शिबिराला नेलं. विचार असा, की माझं सोंग आटोपलं की डॉक्टरांना म्हणायचं, आता हिचेही बघा. डॉक्टरांनी माझ्या डाव्या डोळ्यात विजेरी मारली आणि म्हणाले, "आजोबा, इतके दिवस कुठे होता? मोतीबिंदू पिकलाय." मी सोंगातून बाहेर यायच्या आत ऑपरेशनची तारीख पडली. बहीण तुमची हसत बसस्टँडवर पोचलीसुद्धा. किती तरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली ती एवढंच: "तुमच्या ओळीत शेंगा का धरल्या नाहीत ते कळलं आता." (खरं आहे. तिच्या ओळी शेंगांनी वाकल्यात. मी कशाला पराग लावत होतो देव जाणे.)

गावात आता एकच चर्चा, की फुलाने दोघांचेही डोळे खाल्ले. डॉक्टर म्हणाले, फुलाचा काही दोष नाही, वय झालं. पण वयापेक्षा फुलाला दोष देणं सोपं असतं, हे मलाही पटायला लागलंय.

तर विनंती अशी. तुम्ही या, आणि नल्लम्माळला सांगा की तुम्हाला डोळे दाखवायचेत, सोबत हवी. थोरल्या भावाला ती नाही म्हणणार नाही. (तुमचे डोळे चांगले आहेत हे मला माहीत आहे. माझेही होते.)

घरातल्या सगळ्यांना आमचे आशीर्वाद, आणि सूनबाईला साखरेबद्दल शाबासकी.

तुमचा,
चेन्नियप्पन

ता. क. पत्र टाकायला निघालो तर ती दारात बसून होती. म्हणाली, "एवढी मोठी गोष्ट सांगितली मी तुम्हाला त्या दिवशी, आणि तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही." मच्चान, इतके दिवस ती माझ्या उत्तराची वाट बघत होती! मी खरं ते सांगून टाकलं: तो मी नव्हतो, खांब होता. मी मागे उभा होतो. तिने दाराची चौकट चाचपली. मग हळूच म्हणाली, "खांब? इतकं दिसेनासं झालंय मला?" आणि पुढे, "मागे उभे होता तर खांबाच्या वतीने तरी बोलायचं." पत्र खिशातच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन डॉक्टरांकडे आली. तिच्या तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तेव्हा तुम्ही खोटं बोलायची गरज उरली नाही.

दुसरं ता. क. तरी या. आमच्या पट्ट्या निघेपर्यंत सकाळची फुलं कोण बघणार? जुने कपडे आणा.

शेवटचं ता. क. फुलांचं निमित्त होतं. पेरियण्णनच्या दोन्ही सुना ते काम करणार आहेत, तसं ठरलंय. खरी गोष्ट वेगळी आहे. ऑपरेशनला आधी कोण आत जाणार यावरून आमचं भांडण झालं. बाहेरच्या बाकावर बसून राहायची हिंमत तिच्यात नाही, माझ्यात तर नाहीच. शेवटी डॉक्टरांना सांगून दोघांनी एकाच दिवशी आत जायचं ठरवलंय. पण मग बाकावर कुणीच नाही. आत असताना, बाहेर आपलं माणूस बसलंय एवढं तिला माहीत असावं. मलाही.