चार वाजून वीस मिनिटं

केलर्स फेरी, पेनसिल्व्हेनिया
मंगळवार, ११ मार्च २०१४

प्रिय बर्निस,

तू तिकडे लेकीकडे रुळली असशील आणि तुझा गुडघा जरा बरा असेल, अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक आहोत. नदीवरचा बर्फ फुटला. ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार सुरू झालेत, त्यामुळे चर्चच्या तळघरात पुन्हा पिरोग्यांची धांदल आहे. गेल्या गुरुवारी मीही गेले कडा मुरडायला. माझ्या पिरोग्या उकळत्या पाण्यात पडल्या की फुटतात आणि आतला बटाटा बाहेर येतो, हे तुला ठाऊक आहेच. ग्रेटा म्हणाली, "रोनी, तू आपली बटाटे सोल. नगरसेविकेला तेवढं जमेल." सगळ्या हसल्या, मीही हसले. तू असतीस तर याहून झोंबणारं काहीतरी बोलली असतीस. खरं सांगू, मला ते हवं होतं.

ग्रेटा पेट्रोलपंपावरच्या दुकानात गल्ल्यावर उभी असते. तळघरातल्या तुझ्या धंदा शिकवायच्या शाळेत तिचं अक्रोडाचा रोल विकायच्या परवान्याचं काम अर्ध्यावर आलं होतं. शाळा बंद पडली आणि ते तिथेच राहिलं. मी विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे गं, माझ्या नशिबातच भाजणं होतं, विकणं नव्हतं." तुझा तो फळा अजून तळघराच्या भिंतीवर आहे. तुझ्या अक्षरात 'भाव ठरवताना आपली मेहनत विसरायची नाही' असं लिहिलेलं कुणी पुसलेलं नाही.

माझ्या आईचे डोळे आहेत तसेच आहेत. दर मंगळवारी तिला मीच दवाखान्यात नेते. आज परतताना म्हणाली, "बर्नी ब्रेक कसा अलगद दाबायची. तू म्हणजे बटाट्याची पोती नेल्यासारखी चालवतेस." मग थोड्या वेळाने विचारलं, "ती का येत नाही गं आता? तू काही बोललीस का तिला?" मी म्हटलं, नाही, काहीच बोलले नाही. आणि बर्निस, ते अगदी खरं होतं.

फोन तू उचलत नाहीस. मीही उचलला नसता. म्हणून हे पत्र.

क्लेमच्या उद्योग केंद्राचा विषय निघाला की मी सभागृहातून उठून जायचे, हे साऱ्या गावाला माहीत आहे. नवरा संस्था चालवतो, मी नगरपरिषदेत बसते, मग मत द्यायचं नाही, बाहेर जायचं, आणि दार लोटून बाकावर बसायचं. अकरा वेळा बसले. तूच म्हणायचीस की त्या बाकावर माझ्या नावाची पितळी पट्टी लावायला हवी. मला त्याचा अभिमान होता. आत माझ्या नवऱ्याच्या बाजूने हात वर व्हायचे, आणि मी बाहेर स्वच्छ बसलेली असायचे. हात वर करणारे सगळे आमच्याकडे नाताळला जेवून गेलेले होते, याचा विचार मी त्या बाकावर कधी केला नाही.

ऑक्टोबरच्या त्या सभेत विषय क्लेमचा नव्हता. नवे दुकानदार शिकवायचं वर्षाचं अनुदान एकच, त्यासाठी अर्ज दोन. क्लेमच्या केंद्राचा वेळेत आला. तुझ्या तळघरशाळेचा चारला खिडकी बंद झाल्यावर, चार वाजून वीस मिनिटांनी. उशिराचा अर्ज घ्यायचा की नाही, एवढाच ठराव. मी आमच्या वकिलाला विचारलं, मी बसू का? तो म्हणाला, "प्रश्न घड्याळाचा आहे, तुमच्या नवऱ्याचा नाही. खुशाल बसा." मला हेच ऐकायचं होतं. त्याच्याकडून म्हणवून घ्यायलाच मी गेले होते.

तुला बोलायला दोन मिनिटं दिली. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "उशीर झाला तो माझ्यामुळे. बाकी काही सांगायचं नाही." मग माझ्याकडे पाहिलंस. रागाने नव्हे. तू थांबलीस फक्त, दारात आपण एकमेकींसाठी थांबतो तशी. मी समोरचे कागद सारखे करत राहिले.

मतं आडनावांच्या क्रमाने घेतात, आणि माझं झेलिंका नेहमी शेवटी. माझ्यापर्यंत आलं तेव्हा तीन विरुद्ध तीन झालं होतं. मी म्हटलं, नको. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.

आता ते लिहिते, जे पाच महिने कुणालाच सांगितलं नाही. अर्ज द्यायचा तो मंगळवारच होता. मला अंदाजपत्रकाची बैठक होती, म्हणून आईला तू नेलंस. अर्ज तुझ्या गाडीतच, मागच्या सीटवर. तीन वाजता तुझा दवाखान्यातून फोन आला: "रोनी, इथे अजून नंबर लागलेला नाही. तू येतेस का? मला चारच्या आत पोचायचंय." माझी बैठक तेव्हा संपली होती. मी कॉफी पीत होते. मी म्हटलं, "मला निघता येणार नाही. आईला एकटीला सोडू नकोस हं, बर्निस."

त्या क्षणी माझ्या मनात आई होती की क्लेम, हे मी स्वतःला कितीदा विचारलं. सांगता येत नाही. आई होती असं म्हणता आलं असतं, तर हे पत्र मी ऑक्टोबरमध्येच लिहिलं असतं.

आणि तू सोडलं नाहीस तिला. तिला घरी पोचवलंस, तिचा कोट खुंटीला लावलास, मग गेलीस नगरपरिषदेत.

परवा हे क्लेमला सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत असतं तर मीच माझा अर्ज मागे घेतला असता." घेतला असता का, कोण जाणे. पण त्याला ती संधी मी दिली नाही, एवढं नक्की. तेव्हापासून आमच्याकडे जेवताना 'मीठ दे' आणि 'पाणी दे' एवढंच बोलणं होतं.

येत्या सोमवारी सभा आहे. मी खुर्चीवरून नाही, तू उभी होतीस त्या लोकांच्या माइकवरून बोलणार आहे. तुला उशीर का झाला, आणि तीन वाजता मी कुठे होते, ते सांगेन. राजीनामा लिहून ठेवला आहे. याने तुझी शाळा परत येणार नाही, ते मला कळतं. तळघरातली तुझी जागा चर्चने पुढच्या महिन्यापासून दुसऱ्यांना दिलीय. ग्रेटाही पंपावरच राहील. तू यावंस असं मी म्हणत नाही, आणि मला माफ कर असंही नाही. फक्त 'उशीर झाला तो माझ्यामुळे' हे तुझं वाक्य त्या सभेच्या इतिवृत्तात तुझ्या नावावर आहे. ते माझं आहे. ते मला परत हवंय.

तुझा फळा मी उतरवून घरी आणते, कुणी पुसायच्या आत. कधी हवा असेल तर कळव.

आईने तुला प्रेम सांगितलं आहे. तिला अजून काही माहीत नाही. सोमवारी सकाळी आधी तिलाच सांगेन.

अकरा वेळा उठून गेलेली, आणि एकदाच उठायला हवं होतं तेव्हा बसून राहिलेली,
रोनी