चूलबंद आवतन

अंबड,
सप्टेंबर २००८

प्रिय केशवा,

ई-मेलला तू उत्तर देत न्हाईस, फोन उचलत न्हाईस, म्हणून शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. विमल हसली. कॉम्प्युटरवाल्या नवऱ्याची ही गत, म्हणाली. हसू दे. बऱ्याच दिवसांनी हसली.

आपल्या साईटला वर्ष होत आलं. पुण्याला जायच्या आधी स्टँडवर चहा पिताना तूच म्हणाल्ता, की गाव सोडून गेलेल्या सगळ्यांना एका जागी बसवायचं. मी ते खरं धरलं, कॉलेजातली नोकरी सोडली आणि 'आपलं अंबड' उभं केलं. मराठीत गप्पा, फोटो, देवीच्या यात्रेच्या आठवणी, सगळी सोय बराबर आहे. फक्त माणसं न्हाईत. ज्याला सांगावं तो विचारतो, तिथं कोण कोण आहे? मी म्हणतो, तुम्ही या, मंग बाकीचे येतील. ते म्हणतात, बाकीचे आले की येतो. त्यांचे मेव्हणे, मित्र, जुन्या वर्गातल्या पोरी सगळे ऑर्कुटवर जमलेत. ती बैठक सोडून ते माझ्या रिकाम्या ओसरीत कशाला येतील? स्टँडवरची काळी-पिवळी आठव. रिकाम्या जीपमध्ये कुणी चढत न्हाई, म्हणून ड्रायव्हर आपलीच चार माणसं आत बसवून ठेवायचा.

मीही तेच केलं. बद्रीनाथ नावाचा इंजिनिअर तयार केला, मुक्काम परतूर. दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गातल्या कडूबानं त्याला विचारलं, कोणाचे तुम्ही? मामाचं गाव कोणतं? मी घाईघाईत धावडा लिहिलं. कडूबाची सासुरवाडी धावड्याची, हे माझ्या ध्यानातच न्हाई! त्याच्या बायकोनं माहेरी घरोघर चौकशी केली, असा भाचा कुणालाच सापडेना. आता कडूबा भर बाजारात मला बद्रीनाथ म्हणून हाक मारतो. जी थोडी खरी माणसं आल्ती, तीही गेली.

खरं सांगू का, मी पार खचलोय रे. संध्याकाळी साईट उघडली की 'आत्ता हजर' याच्याखाली एकच नाव दिसतं, माझं. बंद करतो, पुन्हा उघडतो, पुन्हा तेच. विमल दाराशी येते, बघते आणि चुलीकडं वळते. भांडली असती तर बरं वाटलं असतं. दसऱ्यापासून साईट बंद करून तिच्या भावाच्या, अण्णासाहेबांच्या खताच्या दुकानात बसायचं ठरलंय. मी हो म्हणून बसलोय.

सगळे म्हणतात, केशव आला की आम्ही येतो. शाळेत तू पिक्चरला निघालास की अर्धा वर्ग उठायचा, तसंच अजून आहे. म्हणून परवा तुझ्या आईकडे गेल्तो. उषाकाकूंनी चहा दिला आणि चाचरत सांगितलं, की तू म्हणतोस, आपल्याला आवतन कुठं होतं? साऱ्या गावाला गेलं तेच साईटच्या मशीनचं पत्र मलाही आलं.

राजा, बिलकुल डोकं फिरलं माझं. तुझ्याच डोक्यातून निघालेली साईट, आणि तुला आवतन पाहिजे? घरच्या माणसाला कुणी बोलावतं का? असं बडबडतच घरी आलो. जेवताना आठवलं, माझ्या लग्नाला तुमच्या दारात उभं राहून मी स्वतः सांगितलं होतं, चूलबंद आवतन आहे, त्या दिवशी घरात चूल पेटवायची न्हाई, सगळ्यांनी आमच्याकडं जेवायचं. तेव्हाही तू घरचाच होतास.

पुण्याला यायला पाहिजे होतं. पण तू दार उघडलं न्हाईस तर तिथून परत येण्याचं बळ माझ्यात उरलं न्हाई. म्हणून या पाकिटात आवतनाच्या अक्षता टाकल्यात. विमलनंच ज्वारी हळदीत भिजवून दिली. पितरांचे दिवस आहेत, या दिवसांत कुणी आवतन देत न्हाई, मला माहीत आहे. पण चांगल्या दिवसापर्यंत थांबायला माझ्याकडं वेळच न्हाई. वहिनीला, लेकरांना घेऊन साईटवर ये. चूलबंद. मंग बाकीचे कुणी न्हाई आले, साईट बुडाली, तरी मी खुशीनं दुकानात जाऊन बसेन. पण एका संध्याकाळी माझ्या नावाखाली तुझं नाव दिसू दे.

तुझाच, कुणाचा भाचा नसलेला,
भालचंद्र